विज्ञानकथावेड्यांची अखिल भारतीय संस्था काढायची असेल तर

आम्ही पहिल्यांदा संस्था काढली तेव्हा सगळ्यात आधी शिक्का बनवून घेतला. गोल, जांभळ्या शाईचा, मध्ये रॉकेट आणि कडेने 'अखिल भारतीय'. मग लेटरहेड छापलं. मग सात सह्या गोळा केल्या. त्यातली एक माझ्या मेहुण्याची, एक शेजारच्या काकांची; दोघांनीही जन्मात एक विज्ञानकथा वाचलेली नव्हती. नोंदणी झाली, पेढे वाटले. पुढच्या दीड वर्षात दोन सभा झाल्या आणि दुसरीला चार जण आले. अध्यक्ष नोकरीसाठी बंगळूरला गेले, खजिनदाराचं लग्न झालं, हिशेब कुणी भरले नाहीत. ती संस्था रीतसर बंद करताना जेवढे हेलपाटे पडले, तेवढे काढतानाही पडले नव्हते.

दुसऱ्या खेपेला उलट्या टोकाने निघालो. आधी माणसं, मग वर्षभराच्या बैठका, मग दुसरं शहर, आणि नोंदणी सगळ्यात शेवटी. खाली लिहिलेला क्रम त्या दुसऱ्या खेपेचा आहे. वकिलाचा किंवा सीएचा सल्ला त्याने टळत नाही, पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते कळेल.

आधी आजूबाजूला बघा

आपल्याकडे विज्ञानकथेला थाराच नाही, अशा सुरात सुरुवात करू नका. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करते आहे. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत 1974 साली नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, आणि अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून मजकूर पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवला होता. तिकडे फैजाबादला 1995 मध्ये भारतीय विज्ञान कथा लेखक समिती सुरू झाली. वेल्लोरला 1998 मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर सायन्स फिक्शन स्टडीज' स्थापन झाली.

यातली एक विज्ञानप्रसार करणारी, एक लिहिणाऱ्यांची, एक अभ्यासकांची. निव्वळ वाचणाऱ्या, पाहणाऱ्या, रात्री दोनपर्यंत 'पण मग तो भूतकाळात गेलाच कसा' यावर भांडणाऱ्या माणसाची सोय यांपैकी कुणाच्या मुख्य कामात बसत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण तुमची संस्था त्या माणसासाठी आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्या पहिल्या संस्थेच्या उद्देशपत्रात 'समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे' हे पहिलं कलम होतं. वाईट काहीच नाही त्यात, पण त्या कलमामुळे आमच्याकडे व्याख्यानं ठेवणारे आले आणि गोष्टी वाचणारे पळाले.

चाहत्यांची म्हणावी अशी एक संस्था आपल्या देशात फार लवकर होऊन गेली. कोलकात्यात अद्रीश बर्धन 1963 पासून बंगालीत फक्त विज्ञानकथांचं मासिक चालवत होते. त्या गोतावळ्यातून जानेवारी 1966 मध्ये 'सायन्स फिक्शन सिने क्लब' उभा राहिला. सत्यजित राय अध्यक्ष, बंगाली लेखक प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष, बर्धन सचिव. नावं बघा, याहून भारी कार्यकारिणी कुणाला मिळणार? तरी क्लब तीन-साडेतीन वर्षांत थांबला. मला यातून एवढंच दिसतं की मोठ्या नावांनी दार उघडतं, पण दर महिन्याला सतरंजी घालणारं माणूस वेगळंच लागतं.

पहिली पायरी: बारा माणसं आणि एक ठरलेला वार

बारा हा काही शास्त्रोक्त आकडा नाही. बारा जणांना सांगितलं की सात येतात, आणि सातांत गप्पा रंगतात, एवढाच त्याचा आधार. माणसं शोधायला सार्वजनिक वाचनालयातल्या काउंटरवरच्या ताईंना गाठा. कोण कुठल्या प्रकारची पुस्तकं नेतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजातले पोरगे येतात, पण परीक्षा आली की गायब होतात. निवृत्त शिक्षक आणि बँकवाले मात्र पावसातही येतात. दोन्ही हवेत.

वार एकदा ठरला की हलवायचा नाही. 'महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा' असं ठरलं तर गणपतीतला रविवार असो की क्रिकेटची फायनल, दोन माणसं तरी त्या जागी बसलेली हवीत. सगळ्यांना सोयीची तारीख विचारत बसलात तर महिनाभर तारखाच ठरवत बसाल. जागा फुकटची घ्या: वाचनालयाचा वरचा मजला, शाळेचा वर्ग, एखाद्याचा हॉल. घरी भेटायचं असेल तर पाळी लावा, नाहीतर एकाच घरातल्या बाईंच्या माथी दर महिन्याला पंधरा कप चहा येतो आणि त्या घरापुरती विज्ञानकथा बंद पडते.

बैठकीत करायचं काय? आमच्याकडे एक कथा सगळ्यांनी आधी वाचून यायचं ठरलं. निम्मे वाचून येत नसत. मग सुरुवातीची वीस मिनिटं कथा मोठ्याने वाचायला घेतली आणि अडचण सुटली. इथे कायद्याची एक सोयीची बाजू आहे. पैसे न घेता जमलेल्या श्रोत्यांपुढे हौशी मंडळाने साहित्यकृती सादर करण्याला आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात सूट आहे. तिकीट लावलं की ती जाते. सिनेमाला ही सूट लागू नाही. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवणं हे त्या सेवेच्या अटींतही बसत नाही, मग आत कितीही कमी माणसं असोत. चित्रपट दाखवायचेच असतील तर गावातल्या फिल्म सोसायटीशी संधान बांधा. 'फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया' 1959 पासून आहे (तिचेही पहिले अध्यक्ष रायच), आणि परवानग्यांचा घोळ त्या मंडळींना चांगला पाठ असतो.

दोन नियम पहिल्या बैठकीतच सांगून टाका. शेवट फोडायचा असेल तर आधी विचारायचं. आणि 'खरी विज्ञानकथा कुठली' हा वाद दहा मिनिटांवर गेला की चहा येतो. हा वाद कधीच सुटत नाही. अद्भुतकथा घ्यायच्या का, भयकथा घ्यायच्या का, आणि कुणीतरी एक काका पुष्पक विमानाचा विषय काढतातच. पुढे संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहाल तेव्हा तीत व्याख्या लिहायच्या फंदात पडू नका. 'विज्ञानकथा व तिच्या जवळचे साहित्य, चित्रपट, खेळ' एवढं ठेवलं की पुरतं.

दुसरी पायरी: वही

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त एका वहीत: तारीख, हजर माणसांची नावं, काय वाचलं, काय ठरलं, किती खर्च झाला. पाच ओळी पुरेत. संगणकावर ठेवा हवं तर, पण छापून चिकटवा आणि सह्या घ्या. पुढे नोंदणीच्या वेळी, बँकेत, एखाद्या देणगीदारापुढे हीच वही तुमची पत असते. वर्षभरात बारापैकी दहा बैठका झाल्या असतील आणि किमान पाच माणसं प्रत्येक वेळी तीच असतील, तर पुढे जा. नसतील तर राष्ट्रीय संस्थेचा विषय काढू नका, कट्टा चालू ठेवा. मला तरी चांगला चाललेला कट्टा मरतुकड्या अखिल भारतीय संस्थेपेक्षा केव्हाही बरा वाटतो.

तिसरी पायरी: दुसरं शहर

राष्ट्रीय हा शब्द इथे कुठे पहिल्यांदा खरा होऊ लागतो. दुसऱ्या शहरातल्या माणसांना तुमची 'शाखा' व्हायचं नसतं, हे आधी मनाशी धरा. नागपूरकरांना पुण्याची शाखा व्हा म्हणून सांगून बघा, उत्तर मला सांगू नका.

जगात हा प्रयोग दोन्ही तऱ्हांनी झाला आहे. अमेरिकेत 1934 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी आपल्या मासिकातर्फे 'सायन्स फिक्शन लीग' काढली. मुख्यालय मासिकात, आणि गावोगावी तिच्याशी जोडलेली मंडळं. वेगाने वाढली. पण मालकी मासिकाची. लेखकांचे पैसे थकवल्याबद्दल बोंब मारणाऱ्या काही चाहत्यांना लीगमधून काढून टाकण्यात आलं, आणि 1936 मध्ये मासिक विकलं गेल्यावर लीगचा आधारच गेला. याच लीगशी जोडलेल्या इंग्लंडातल्या लीड्सच्या मंडळाने मात्र जानेवारी 1937 मध्ये एक संमेलन बोलावलं. जेमतेम वीसेक माणसं आली. त्यांनी तिथेच ब्रिटनभरची 'सायन्स फिक्शन असोसिएशन' स्थापन केली. महायुद्ध आलं आणि तीही थांबली. त्यानंतर तिथे टिकाऊ राष्ट्रीय संस्था व्हायला 1958 उजाडलं, ती 'ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशन' आजही आहे. दोन्हीकडची गोष्ट वाचताना मला एक जाणवलं: संस्था बुडाली तरी गावोगावचे गट आणि त्यांच्या ओळखी उरल्या, आणि पुढची संस्था त्यांच्यातूनच झाली.

आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. मराठी साहित्य महामंडळाची रचना बघा. 1961 मध्ये ते स्थापन झालं तेव्हा पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या जुन्या संस्था मोडून एक केल्या नाहीत. त्या आपापल्या जागी राहिल्या, वर महामंडळ आलं, आणि महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्था त्यात आहेतच. महामंडळावर टीका करायला आपल्याला आवडतं, मीही करतो. पण फिरतं कार्यालय ही कल्पना उचलण्यासारखी आहे. कुठल्याच शहराला आपण कायमचे खालचे आहोत असं वाटत नाही, आणि एका गटाचा उत्साह संपला तरी तीन वर्षांनी दुसऱ्यांच्या गळ्यात घंटा पडते.

म्हणून दुसऱ्या शहरात जाताना फॉर्म घेऊन जाऊ नका. त्यांचा एक कट्टा आपल्या खर्चाने बघायला जा, त्यांच्या बैठकीत शेवटच्या रांगेत बसा, परत येताना एक जोड-कार्यक्रम ठरवा: तीच कथा दोन्ही गावांत एकाच महिन्यात. सहा महिने असं झालं की 'आपण एकत्र काहीतरी करू' हे वाक्य समोरून येतं. ते समोरून येऊ द्या.

भाषेचं काय करायचं

इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून थोडं थांबतो. फक्त मराठी माणसांची संस्था काढायची असेल तर बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, पणजी इथे मराठी वाचक आहेत. कार्यक्षेत्र संपूर्ण भारत आणि भाषा मराठी हे बिनदिक्कत चालतं. पण 'भारतातल्या विज्ञानकथाप्रेमींची' म्हणायची असेल तर बंगाली आणि तमिळ माणूस लागणारच. बंगालीत तर जगदीशचंद्र बोस यांनी 1896 मध्येच विज्ञानकथा लिहिली होती, तीही केसांच्या तेलाच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेसाठी. कथेत त्याच तेलाने समुद्रातलं वादळ शमतं. ही परंपरा बाजूला ठेवून राष्ट्रीय कसलं म्हणवायचं?

सोपा मार्ग म्हणजे सगळं इंग्रजीत. सोपा आहे, पण त्यात ज्यांचं वाचन आपल्या भाषेत झालं ते गप्प बसतात, आणि मग बैठकीत परदेशी कथांवरच बोलणं होतं. आम्ही असं केलं: पत्रव्यवहार आणि ठराव इंग्रजीत, सभेत बोलणं ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात, शेजारी बसलेल्याने दोन वाक्यांत सांगायचं. आणि दरवर्षी प्रत्येक गटाने आपल्या भाषेतली एक कथा दुसऱ्या एका भाषेत करून द्यायची. लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घेऊनच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालू असतात. एक कथा म्हणजे थोडी वाटते. करून बघा. परवानगीच्या पत्राला उत्तर यायलाच पावसाळा निघून जातो.

चौथी पायरी: घटना

नोंदणीच्या आधी घटना लिहा, आणि दुकानातली छापील नमुना-घटना जशीच्या तशी उतरवू नका. त्या नमुन्यात शाळा काढण्यापासून गोशाळा चालवण्यापर्यंत सगळे उद्देश असतात. तुम्हाला चारच लागतील.

बाकी कलमांत या गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. सदस्य कोण, आणि मताचा हक्क किती दिवसांनी: सभेच्या आदल्या आठवड्यात चाळीस नवे सदस्य भरून निवडणूक जिंकायचा प्रकार साहित्यसंस्थांत नवा नाही, म्हणून सहा महिन्यांची अट घाला. पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षं, आणि एकाच पदावर सलग दोनदाच. आजीव सदस्यत्व सुरुवातीला ठेवूच नका. मोठी रक्कम एकदम येते, खर्च होते, आणि पुढची तीस वर्षं त्या माणसाला अंक पाठवत बसावं लागतं. गणसंख्या, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, वास्तवातली ठेवा. मराठी संस्थांच्या नोटिशीत 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही' हे वाक्य उगाच आलेलं नाही. दूरच्या सदस्यांना व्हिडिओवरून हजर राहता येईल आणि मत देता येईल, हेही स्पष्ट लिहा.

सदस्याला काढून टाकण्याचं कलम सगळ्यात काळजीपूर्वक लिहा: आरोप लेखी, उत्तराला मुदत, निर्णय सर्वसाधारण सभेत. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन झालं तेव्हा आयोजकांनी सहा चाहत्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. आलेली माणसं दोनशेच्या आसपास. त्या संमेलनाबद्दल आज लोक बोलतात ते त्या सहांबद्दल. उलट बाजूने, त्रास देणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची हेही ठरलेलं हवं. दोन नावं द्या, त्यातली एक बाई असावी. शाळकरी मुलं येणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

पाचवी पायरी: नोंदणी

आता कुठे शिक्का. मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली, 1860 चा संस्था नोंदणी कायदा. किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सहायक संस्था निबंधकांकडे होतं, आणि तेवढ्यावर थांबत नाही: 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून आपल्याकडच्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात, त्यातला दुसरा 'एफ'ने सुरू होतो. पहिलं प्रमाणपत्र हातात आलं की 'झालं' समजून घरी जाणारे बरेच आहेत. दुसरा क्रमांक मिळेपर्यंत काम अर्धवट आहे.

अखिल भारतीय पातळीवर नोंदवायची तर दिल्लीसारख्या ठिकाणी आठ वेगवेगळ्या राज्यांतले आठ सदस्य मागतात. तिसऱ्या पायरीवर घाई केलेल्यांना ही अट इथे येऊन भेटते. मग आठ राज्यांतले नातेवाईक शोधले जातात. मेहुण्याची सही घेतलेला माणूस म्हणून सांगतो, ते करू नका. आपल्या राज्यात नोंदणी करून कार्यक्षेत्राच्या कलमात संपूर्ण भारत लिहिणं हा साधा पर्याय आहे. तुमच्या नोंदणी कार्यालयाला तो चालतो का, ते आधी विचारून घ्या.

दुसरी वाट, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. दोन संचालकांवर काम भागतं, देशभर एकच ओळख, कागदपत्रं बहुतेक ऑनलाइन. पण दरवर्षीची विवरणपत्रं वेळेत भरावी लागतात, उशिराला दंड आहे, आणि सीए कायमचा लागतो. माझं मत विचाराल तर तीसचाळीस माणसांच्या हौशी मंडळाला हे जड जातं. पाचसहा शहरांत पसरून मोठं संमेलन भरवायचं असेल तेव्हा विचार करा.

नावाबद्दल. 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार सरकारी आश्रयाचा आभास देणारी नावं चालत नाहीत, म्हणून 'राष्ट्रीय', 'भारतीय' असे शब्द असलेल्या नावावर आक्षेप निघू शकतो. तीन पर्यायी नावं तयार ठेवा. त्यातलं एक तरी असं असू द्या की रिक्षावाल्याला सांगता येईल. आमचं पहिलं नाव अकरा शब्दांचं होतं.

नोंदणीनंतरची कामं कंटाळवाणी आहेत आणि संस्था मरतात त्या इथेच. महाराष्ट्रात आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. आमच्या त्या जुन्या संस्थेचे दोन बदल अर्ज राहिले होते, आणि बँकेच्या लेखी बंगळूरला गेलेले अध्यक्षच अध्यक्ष होते. सहीसाठी ते दोनदा रजा काढून आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चहालाही थांबले नाहीत.

पैसा

नोंदणी होईपर्यंतही कुणाच्या वैयक्तिक खात्यावर वर्गणी घेऊ नका. मोबाइलवरच्या क्यूआर कोडमुळे हा मोह फार वाढला आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाचं खातंही बँक काढू शकते. ठराव, नियमावली, पॅन आणि सह्या करणाऱ्यांची कागदपत्रं लागतात. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरीत जा. सह्या तिघांतल्या कुठल्याही दोघांच्या.

वर्गणी किती? एक साधा हिशेब मांडा. चाळीस सदस्य, माणशी 300 रुपये म्हणजे 12,000. त्यातून चहा, छपाई, टपाल आणि हिशेबतपासनिसाची फी निघते का? निघत नसेल तर खर्च कमी करा, देणगीदार शोधू नका. पहिल्या वर्षी मोठा देणगीदार आला की दुसऱ्या वर्षी त्याचा सत्कार ठेवावा लागतो आणि तिसऱ्या वर्षी त्याचा काव्यसंग्रह प्रकाशित करावा लागतो. ही थट्टा नाही.

परदेशातले मराठी लोक हौसेने पैसे देऊ करतात. इथे सावध राहा. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत दिलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो 2010 च्या विदेशी योगदान नियमन कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहे, भले तो तुमचा सख्खा मामा असेल आणि त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल. त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना शंभर डॉलर घेणंही गुन्हा आहे. नव्या संस्थेला नियमित नोंदणी लगेच मिळत नाही, तीन वर्षांचं काम आणि खर्च दाखवावा लागतो. तोवर मामाला सांगा, सुट्टीवर येताना वेळ काढ आणि आमच्या बैठकीत तिकडच्या चाहत्यांच्या मंडळांबद्दल बोल.

सहावी पायरी: पहिलं संमेलन

तीन शहरांत कट्टे चालू असल्याशिवाय संमेलन नको. दीड दिवसाचं ठेवा: शनिवारी दुपारी सुरू, रविवारी संध्याकाळी बाहेरगावच्यांना गाडी पकडता येईल असं संपवायचं. उद्घाटन दहा मिनिटं. शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलनही आम्ही गाळलं. त्यावरून कार्यकारिणीत जे झालं ते असो. परिसंवाद एका वेळी एकच, आणि प्रत्येक परिसंवादानंतर तेवढाच वेळ मोकळा, कारण लोक एवढ्या लांब येतात ते व्हरांड्यातल्या गप्पांसाठी. जुन्या पुस्तकांच्या अदलाबदलीचं एक टेबल मांडा. आमच्या दीड दिवसात सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती. एकाने जुन्या दिवाळी अंकांची पिशवी आणली, ती पंधरा मिनिटांत रिकामी झाली आणि तो स्वतः तीन बंगाली मासिकं घेऊन गेला. त्याला बंगाली येत नव्हतं.

पुढचं संमेलन कुठे, हे याच संमेलनात सदस्यांनी मतदानाने ठरवावं. जागतिक विज्ञानकथा संमेलनाची हीच रीत आहे: दरवर्षी नवं शहर, तिथली स्थानिक मंडळी आयोजक, आणि जागा दोन वर्षं आधी सदस्यांच्या मतांनी ठरते. ज्या शहराला हवं आहे त्याने उभं राहून सांगायचं: सभागृह कुठलं, राहायची सोय काय, किती माणसं कामाला आहेत. भाषणं गोड असतात. 'कामाला किती माणसं' याचं उत्तर नावांनिशी मागा.

संध्याकाळी सभागृह झाडून झालं की नव्या शहराच्या कार्यवाहाकडे एक पत्र्याची ट्रंक द्यायची. आमच्या ट्रंकेत इतिवृत्ताच्या वह्या, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, प्रमाणपत्रांच्या प्रती, बँकेच्या सह्या बदलण्याचा भरलेला अर्ज, सदस्यांची यादी आणि दोन सतरंज्या असतात. ताबा घेतल्याची सही वहीत घ्या, आणि बदल अर्जाची शेवटची तारीख ट्रंकेच्या झाकणावर आतून चिकटवा.